बरेच दिवस घरातच राहायचंय? दिवस हातात ठेवण्याची पद्धत

पाय प्लास्टरमध्ये आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन महिने जिना उतरू नका म्हटलंय. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. कंपनीने कमी केलंय. स्पर्धा परीक्षेसाठी वर्षभर घरी बसायचं ठरलंय. कारणं वेगवेगळी, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तक्रार एकच ऐकू येते: वेळ भरपूर आहे आणि हातून काहीच होत नाही. सकाळी चहा होतो, मोबाईल हातात येतो, बघता बघता जेवायची वेळ होते आणि संध्याकाळी स्वतःचाच राग यायला लागतो.

याला आळस म्हणून मोकळं होण्याआधी एवढं लक्षात घ्या की एरवीही आपला दिवस आपण एकट्याने चालवत नसतो. आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शिफ्टची बस, मुलांच्या शाळेची रिक्षा, दुकानाचं शटर उघडायची वेळ, आपली वाट बघणारी माणसं हे सगळे मिळून आपल्याला उठवतात, आंघोळीला पाठवतात, घराबाहेर काढतात. घरी बसलं की हे सगळं एका दिवसात थांबतं. म्हणून 'मन खंबीर करा' या सल्ल्याने फारसं काही होत नाही. बाहेरून जे आपोआप मिळत होतं, ते घरात आपल्या हाताने बसवून घ्यावं लागतं.

दुसरं, उत्साह आला की काम सुरू करू, हा क्रम उलटा आहे. आधी छोटं काम होतं, मग थोडं बरं वाटतं, मग पुढच्या कामाची इच्छा होते. नैराश्यावर १९७० च्या दशकापासून वापरली जाणारी 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' ही उपचारपद्धत याच क्रमावर उभी आहे. मन लागो न लागो, ठरल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची. खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे हाच विचार आहे.

पहिली पायरी: नक्की काय बंद आहे ते लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. घरात कशामुळे आहे, साधारण कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि कोणत्या गोष्टींना मनाई आहे. तिसऱ्या मुद्द्यावर बहुतेकांची गफलत होते. डॉक्टरांनी पायावर वजन देऊ नका सांगितलेलं असतं, आणि आपण गॅलरीत बसणं, पाहुण्यांशी बोलणं, आंघोळ करून चांगले कपडे घालणं हेही सोडून देतो. पुढच्या तपासणीला जाताना प्रश्न लिहून न्या: पायावर वजन किती टाकायचं? वॉकर चालेल का? जिना कधीपासून? खुर्चीत सलग किती वेळ बसू? बोटं आणि घोटा हलवायचा का, दिवसातून किती वेळा? 'जपून राहा' एवढ्यावर समाधान मानून परत येऊ नका.

तारीख माहीत नसेल, उदाहरणार्थ नोकरी शोधताना किंवा आजारी माणसाची सेवा करताना, तर आजपासून चार आठवड्यांनंतरची एक तारीख स्वतःच ठरवा. त्या दिवशी दिवसाची घडी तपासायची, जे जमत नाही ते बदलायचं. मुदतच नसलेला काळ माणसाला सगळ्यात जास्त थकवतो.

दुसरी पायरी: दिवसाच्या तीन वेळा पक्क्या करा

तासातासाचं वेळापत्रक करू नका. ते दोन दिवसांत मोडतं, आणि मोडलं की सगळंच सोडून दिलं जातं. फक्त तीन वेळा ठरवा: उठायची, दुपारच्या जेवणाची आणि दिवा मालवायची. तिन्हींना अर्ध्या तासाची सूट ठेवा, रविवारसकट. यांतली उठायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री झोप उशिरा लागली तरी ती बदलायची नाही.

याला कारण आहे. आपल्या शरीराचं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांहून किंचित लांब असतं आणि सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवून घेतलं जातं. उठायची वेळ रोज थोडी पुढे ढकलली आणि पडदे बंद राहिले, की पंधरवड्यात पहाटे तीनपर्यंत जागरण आणि सकाळी अकरापर्यंत झोप, अशी गत होते. त्यानंतर येणारी मरगळ मनाची वाटते, पण अर्धी झोपेचीच असते.

नाशकात उठायच्या वेळेला एक आयता पहारेकरी आहे: घंटागाडी. ती तुमच्या गल्लीत सकाळी ज्या वेळेला येते त्याच्या अर्धा तास आधी उठायचं, आणि ओला-सुका कचरा घेऊन स्वतः खाली जायचं. जिना बंद असेल तर निदान डबे वेगळे करून दाराशी ठेवायचं काम आपल्याकडे घ्यायचं. यात एकाच वेळी चार गोष्टी साधतात. अंथरूण सुटतं, अंगावर बरे कपडे येतात, उजेड मिळतो आणि शेजारच्या काकूंशी दोन वाक्यं बोलणं होतं.

सकाळचा पहिला तास

उठल्यावर पहिल्या तासात २० ते ३० मिनिटं उजेडात बसा. उजेड म्हणजे ट्यूबलाइट नव्हे. घरातल्या दिव्यांखाली प्रकाश साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजार लक्स असतो आणि उन्हात कित्येक पटींनी जास्त. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं गॅलरीत, गच्चीवर, ओट्यावर बसायचं. चहा तिथेच प्या. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात आतली खोली अंधारी असेल, तर चौकात खुर्ची टाका. इमारती चिकटून असल्याने गॅलरीत ऊन येत नसेल तर सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागून घ्या.

ऋतूप्रमाणे थोडा बदल करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि थंडी चांगलीच झोंबते, त्यामुळे आठनंतरचं ऊन घ्या. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा खिडकीपासून दोन हातांच्या आत बसा आणि वेळ वाढवा. एप्रिल-मेमध्ये जी कामं डोकं किंवा अंग मागतात ती सकाळी अकराच्या आत उरका. दुपारी पत्रा किंवा स्लॅब तापल्यावर कुणाकडूनच काम होत नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

या तासात मोबाईल नको. कारण साधं आहे: त्यात काय दिसेल ते आपल्या हातात नसतं, आणि दिवसाची पहिली दिशा त्यावरून ठरते. चार्जर स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये लावा, रात्री फोन तिथेच राहू द्या. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

वही: तीन कामं, त्याहून जास्त नाही

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून हा भाग नीट वाचा.

शंभर पानी वही घ्या. रात्री जेवण झाल्यावर उद्याचं पान लिहा. सकाळी लिहू नका, कारण सकाळी ठरवण्यातच पहिला तास जातो. पानावर तीनच कामं: एक घराचं, एक शरीराचं आणि एक पुढच्या उपयोगाचं, म्हणजे अभ्यास, अर्ज, शिवण, हिशेब, काहीही. लिहायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर यादी लांबली आहे असं समजा.

काम कसं लिहिता यावर ते होणार की नाही हे ठरतं. 'कपाट आवरणे' असं लिहिलंत तर कपाटासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करू. हात तिथेच थांबतो. त्याऐवजी असं लिहा: 'कपाटाचा वरचा कप्पा. सगळे कपडे पलंगावर. तीन ढीग: ठेवायचे, द्यायचे, शिवायला टाकायचे. कप्पा ओल्या फडक्याने पुसणे. ठेवायचे परत लावणे. द्यायचे पिशवीत भरून दाराशी.' हे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. हुरूप आला तरी दुसरा कप्पा आज काढायचा नाही. पाचही कप्पे पलंगावर उपसून ठेवले आणि दुपारी दम संपला, तर रात्री झोपायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी कपाटाकडे बघवत नाही. थोडी इच्छा उद्यासाठी शिल्लक ठेवायची.

अभ्यासाचंही तेच. 'राज्यघटना वाचणे' याला शेवट नाही. 'कलम १४ ते १८ वाचणे, पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणे, मग ताडून बघणे' याला शेवट आहे. नोकरी शोधणाऱ्याने 'नोकरी बघणे' लिहू नये. 'बायोडाटातल्या शेवटच्या कंपनीच्या कामाच्या चार ओळी लिहिणे' आणि 'जुन्या सुपरवायझरना अकरा वाजता फोन' असं लिहावं. अर्जाला उत्तर येणं आपल्या हातात नाही, म्हणून वहीत फक्त आपल्या हातातलं लिहायचं.

प्रत्येक कामासमोर त्याचं 'किमान' लिहा, म्हणजे कितीही वाईट दिवस असला तरी जेवढं होईलच तेवढं. कपाटाचं किमान: एक ढीग घडी करणे. अभ्यासाचं: एक पान. व्यायामाचं: हॉलमधून पाच फेऱ्या. किमान झालं तरी पूर्ण टिक करायची, अर्धी नाही. सुरुवात झाली की बऱ्याचदा काम पुढे सरकतं. नाही सरकलं तरी दिवस रिकामा गेला नाही.

सुरुवातीचा क्षण एखाद्या रोजच्या कृतीला जोडून टाका. 'जमेल तेव्हा अभ्यास करेन' असं न ठरवता, 'सकाळच्या चहाचा कप विसळून पालथा घातला की वही-पुस्तक उघडायचं' असं ठरवा. 'अमुक झालं की तमुक करायचं' या धर्तीच्या ठरावांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी बरंच काम केलं आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात असं दिसलं आहे. कप पालथा घालणं रोज होतंच, त्यामुळे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

आणि हो, २१ दिवसांत सवय लागते ही समजूत सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही दिसलं. म्हणून वहीचा एक नियम: एक दिवस चुकला तर चालेल, सलग दोन चुकू द्यायचे नाहीत. चुकलेल्या दिवसाची कामं पुढच्या पानावर ढकलू नका. पान कोरं सोडा आणि नवीन तीन लिहा, नाहीतर आठवड्यात पंधरा कामांचं ओझं तयार होतं.

शरीर

चालायला परवानगी असेल तर घरातलं अंतर एकदा मोजा. हॉलच्या दारापासून मागच्या गॅलरीपर्यंत दहा मीटर भरत असतील, तर जाऊन-येऊन २५ फेऱ्यांत अर्धा किलोमीटर होतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. फरशीवर मोज्यांनी चालू नका, घसरायला होतं. पायात नीट बसणारी चप्पल किंवा बूट घाला. बसून काम असेल तर दर ३० ते ४५ मिनिटांनी उठा आणि हात न टेकता खुर्चीतून आठ-दहा वेळा उठा-बसा. गुडघे दुखत असतील तर हाताचा आधार घ्या. प्लास्टरवाल्यांनी आणि ऑपरेशन झालेल्यांनी फक्त फिजिओथेरपिस्टनी दिलेलेच व्यायाम करावेत, पण ते एकही वेळ न चुकवता. बराच काळ हालचाल नसेल तर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एका पोटरीला अचानक सूज, दुखणं, गरमपणा जाणवला तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा.

दुपारची वामकुक्षी २० ते ३० मिनिटं आणि तीनच्या आत. त्याहून लांबली की रात्रीची झोप जाते. शेवटचा चहा चारपर्यंत घ्या: चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. चिवडा-शेव डब्यातून थेट खाऊ नका, वाटीत काढा आणि डबा जागेवर ठेवून मग बसा. घरात वजन वाढतं ते ताटातल्या जेवणापेक्षा या येता-जाता खाण्याने.

माणसं

भेटायला येणारे पहिल्या आठवड्यात रांग लावतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. ते प्रेम आटल्यामुळे होत नाही, सगळे आपापल्या कामाला लागतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात जवळच्या दोन-तीन जणांना वार वाटून द्या: 'दादा, तू मंगळवारी संध्याकाळी येत जा', 'मावशी, शुक्रवारी चारला फोन करते.' मागायला संकोच वाटतो, पण माणसांना नेमकं काम दिलेलं आवडतं. 'कधीही ये' म्हटलं की कुणीच येत नाही.

येणाऱ्याला पुस्तक बदलून आणायला सांगा. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशिककरांना पुस्तकं पुरवतं आहे. घरातल्या कुणाचं सभासदत्व असेल तर दर आठवड्याला एक पुस्तक पुरे. एका वेळी चार आणून ठेवली की एकही संपत नाही. काही महिने घरीच काढायचे असतील आणि शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. प्रवेशाच्या तारखा बघून ठेवा.

सेवा करणाऱ्यांसाठी वेगळं

आजारी माणसापेक्षा त्याचं करणारं माणूस जास्त अडकतं, आणि त्याची चौकशी कुणी करत नाही. घरात सासूबाई किंवा वडील अंथरुणाला असतील, तर आठवड्यातून एकदा सलग दोन तास दुसऱ्या कुणीतरी बसायचं, हे घरच्यांशी बोलून ठरवा. 'लागेल तेव्हा सांग' यावर सोडू नका. वार आणि वेळ ठरवा. बदली माणूस घाबरू नये म्हणून एक कागद पलंगाजवळ लावा: औषधं कोणती, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, पाणी किती आणि कसं द्यायचं, कुशीवर कधी वळवायचं, डॉक्टरांचा फोन, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. हा कागद झाला की 'माझ्याशिवाय कुणाला जमत नाही' ही अडचण निम्मी सुटते. त्या दोन तासांत घरातलं राहिलेलं काम करायचं नाही. बाहेर पडा, बाजार न करता फिरून या, नाहीतर मैत्रिणीकडे जाऊन बसा.

मधला उतार

सुरुवातीचा जोर संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो, तेव्हा घसरण होते. बऱ्याच जणांना ती मुदतीचा अर्धा टप्पा ओलांडल्यावर जाणवते. अंटार्क्टिकातल्या तळांवर हिवाळाभर कोंडून राहणारी माणसं, भारताच्या 'मैत्री' आणि 'भारती' तळांवरचीही, २१ जूनला मध्य हिवाळा सणासारखा साजरा करतात. निम्मं पार पडलं, हे डोळ्यांना दिसावं लागतं. तुमच्याही कॅलेंडरवर मधल्या तारखेवर गोल करा आणि त्या दिवशी घरी मिसळीचा बेत करा. मटकी आदल्या रात्रीच भिजायला घाला, चार माणसांना बोलवा, कांदा चिरायला तुम्ही बसा. त्यानंतरच्या आठवड्यात वहीतली तीन कामं दोनवर आणा आणि एक नवीन गोष्ट घाला: न येणारी भाजी, बासरी, जुने फोटो तारखेनुसार लावणं. उतार येणारच हे धरून चाललं की तो आला तेव्हा घडी मोडत नाही.

घडीने भागत नाही तेव्हा

बहुतेक दिवस, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी तिथे फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा, एकटे बसू नका. घरातलं दुसरं कुणी असं बोललं तर 'असं नको बोलू' म्हणून विषय बदलू नका. शेजारी बसा, सरळ विचारा आणि फोन लावून द्या.

बाहेर पडायला लागताना

परवानगी मिळाल्याच्या दिवशीच मेन रोडला खरेदीला जाऊ नका, आणि बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या बाजारात तर नकोच. गर्दीत धक्के लागतात आणि घाटाच्या ओल्या पायऱ्या नव्या पायाला झेपत नाहीत. पहिला आठवडा सोसायटीच्या आवारात १५ मिनिटं, सोबत कुणीतरी. दुसऱ्या आठवड्यात जॉगिंग ट्रॅकसारखी सपाट जागा, सकाळी, बसायला बाक आहेत तिथे. निम्मा दम उरलेला असतानाच परत फिरा, कारण परतीचंही अंतर चालायचं असतं. उठायची वेळ आणि वही मात्र कामावर रुजू झाल्यानंतर आणखी दोन आठवडे तशीच चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी येणारा थकवा जास्त असतो, त्या दिवसांत वहीत कामावर जाण्याखेरीज एकच काम लिहा.